ओस्टरकाम्पांच्या सुधाताई

मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा सुधाताई सुतकात होत्या. मॅडिसनमध्ये आमची बिऱ्हाडं एकाच जिन्यावर, समोरासमोर. ओळख करून घ्यावी म्हणून बर्फी घेऊन गेलो, तर ओल्या केसांनी दारातच म्हणाल्या, "गोड नको रे. आमचे योहान गेले." मला वाटलं, नवरा अमेरिकन असावा. नंतर कळलं, योहानना जाऊन सहाशे वर्षं झाली होती.

सुधाताई नागपूरच्या, चाळिशीतल्या, एकट्या. इतिहासात पीएच.डी. करत होत्या. विषय, उत्तर जर्मनीतल्या एका बंदरातलं ओस्टरकाम्प घराणं. मूळ पुरुष खारवलेले मासे विकायला हातगाडी ढकलत शहरात आला. मुलानं मिठाची जहाजं घेतली, नातू योहान नगराध्यक्ष झाला. चर्चमध्ये त्यांच्या नावानं रंगीत काचा बसल्या. पुढे भाऊबंदकी माजली, जहाजं गेली आणि उरलंसुरलं प्लेगनं नेलं. ताई हे असं सांगत की जणू पलीकडच्या गल्लीत घडतंय. "पैसा दारातून वाजतगाजत येतो बरं, जातो मात्र मोरीतून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या प्लेगपर्यंत पोचल्या तो हिवाळा वाईट गेला. ओस्टरकाम्पांच्या घरात एकामागून एक माणूस जात होतं आणि ताई गॅस पेटवत नव्हत्या. मी पिठलं-भात नेऊन देई. एकदा न राहवून म्हणालो, "ताई, ही कागदावरची माणसं आहेत हो!"

"ज्यांच्यामागे रडायला कुणी उरलं नाही, त्यांचं सुतक कुणी धरायचं, विनय?"

शेवटी उरली योहानची पणती, कातरीना. सात वर्षांची. तिचं पुढे काय झालं, कुठेच सापडेना. गाइड म्हणाले, प्लेगच्या त्या हिवाळ्यात एवढीशी पोर एकटी, थंडीत जगली नसणारच. तसं लिहा आणि थीसिस संपवा. ताई लिहीनात.

एका दुपारी त्यांच्या बंद दाराआडून मला खोकला ऐकू आला. लहान मुलाचा, कोरडा, घुसमटलेला. मी दार वाजवणार, तोच ताई किराण्याच्या पिशव्या घेऊन जिना चढून आल्या.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"हीटर बिघडलाय ना. तिला गारठा सोसत नाही," म्हणत त्यांनी कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. खोलीत ओल्या लोकरीचा वास मात्र भरून राहिला होता. त्यानंतर मी त्या घरात एकटा कधी थांबलो नाही.

वसंतात डिपार्टमेंटनं त्यांचं फंडिंग बंद केलं. मी परोपरीनं विनवलं, "एक वाक्य लिहा, ताई. डिग्री मिळेल. इतक्या वर्षांची मेहनत आहे."

"त्या एका वाक्यानं पोर मरेल रे," त्या म्हणाल्या आणि सामान बांधायला लागल्या.

शिकागोच्या विमानतळाकडे जाणाऱ्या बसवर मी त्यांना सोडायला गेलो. तिकिटाच्या खिडकीशी मी पुढे झालो, तर मागून म्हणाल्या, "दोन घे. एक फुल, एक हाफ." मी घेतली.

बसमध्ये ताई आतल्या बाजूला बसल्या. खिडकीची जागा रिकामी. त्या वाकून, बोट दाखवून कुणाला तरी बाहेरचं तळं दाखवत होत्या. बस हलली तेव्हा त्या रिकाम्या जागेसमोरच्या काचेवर, अगदी खालच्या कडेला, श्वासाची वाफ धरलेली मला दिसली.

नकळत मी दोघींना हात हलवला.