सुहासिनीची स्वतःची स्लाइड

समजा, तुम्ही सूक्ष्मदर्शकापाशी बसला आहात. काचेवर सलाइनचा थेंब, त्यात एका बाईच्या योनिस्रावाचा अंश. बुरशीचे धागे लगेच दिसतात. उत्तर सापडलं म्हणून तुम्ही उठाल की बघत राहाल? त्याच थेंबात दुसरा जंतूही असू शकतो, शरीरसंबंधातून पसरणारा ट्रायकोमोनास. तो ओळखायचा वळवळीवरून. थेंब गार झाला की वळवळ थांबते आणि तो शेजारच्या पांढऱ्या पेशींसारखाच दिसू लागतो.

सुहासिनीला हे पाठ होतं. गुजरातेत, फतेगंजातल्या एका छोट्या लॅबमध्ये ती स्लाइड बघायची. घरून नमुना घेऊन येणाऱ्या बायकांना ती सरळ परत फिरवी. "बेन, इथेच द्यायचा. लाजायचं काय त्यात?"

शहाण्णवच्या हिवाळ्यात तिच्याच अंगावरून पिवळट जाऊ लागलं. खाज, वास. लॅबच्या वर डॉ. कौमुदींचा दवाखाना होता. पण हळदीकुंकवाला त्यांच्याच शेजारी बसायचं म्हणजे? तिनं कारेलीबागेतल्या घरी न्हाणीघरात नमुना घेतला, बाटली पर्समध्ये टाकली आणि थंडीत लुना दामटली. लॅबचे साहेब चहाला जाईपर्यंत बाटली पर्समध्येच राहिली. मग एक डोळा दाराकडे ठेवून तिनं काचेखाली पाहिलं. बुरशी होती. तिला हायसं वाटलं. बुरशी कुणालाही होते, नवऱ्याला, विश्रामरावांना, काही सांगावं लागत नाही. गोळ्या तिनं ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पार अलकापुरीतून आणल्या.

खाज कमी झाली, वास गेला नाही. लॅबमध्ये कुणी नाक चोळलं तरी तिला वाटे, आपल्यामुळेच. शेवटी ती जिना चढली.

डॉ. कौमुदींनी तिथेच नमुना घेऊन ताबडतोब काचेखाली धरला.

"ये, बघ."

बुरशी होतीच, आणि तिच्याशेजारी तो दुसराही वळवळत होता.

"आधी तपासलं होतंस?"

"हो. घरून आणून."

"पर्समधून?"

सुहासिनीनं होकारार्थी मान हलवली.

"दुसरी कुणी तसं घेऊन आली असती तर?"

"झापलं असतं तिला."

"मग मी वेगळं झापत नाही. दोन्ही आहेत, दोन्हींचं औषध घ्यायचं. या दुसऱ्याचं विश्रामरावांनीही, तुझ्याबरोबरच. नाहीतर परत होईल. बरं होईस्तोवर जवळ यायचं नाही. आणि गुजरातेत राहतो तरी सांगते, गोळ्या चालू असताना दारू नको."

"कुठून आलं, असं यांनी विचारलं तर?"

"माहीत नाही म्हणून सांग. हा दोघांपैकी कुणातही वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. काचेखाली तारीख दिसत नाही, सुहास."

संध्याकाळी विश्रामराव कारखान्यातून आले. सुहासिनीनं चहाच्या कपाशेजारी गोळ्यांचं पाकीट ठेवलं. दिवसभर जुळवलेली वाक्यं ऐनवेळी आठवेनात.

"मला इन्फेक्शन झालंय. खालचं. एकाचं दुसऱ्याला होतं. तुम्हालाही घ्यावं लागेल."

विश्रामरावांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"जेवणानंतर ना?"

एवढंच. पुढे आठवडाभर त्यांनी न चुकता गोळ्या घेतल्या. नंतर सुहासिनीची स्लाइड स्वच्छ आली, तीही डॉक्टरांनीच पाहिली. तेव्हापासून ती कुठल्याच बाईला "लाजायचं काय" असं म्हणत नाही. नुसती पडद्यामागची खुर्ची दाखवते.

विश्रामरावांना विचारावंसं तिला कितीदा वाटलं, पण दर वेळी ती चहाचा कप उचलून आत जाई. हे कुठून आलं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते तिच्यावर विश्वास होता म्हणून, की त्यांना ठाऊक होतं म्हणून?