आधी गाठ बघा

"आधी गाठ बघा, मग बोला," असं म्हणत आमच्या विक्री खात्यातले तात्या समोरच्याच्या हातातल्या पिशवीची गाठसुद्धा चाचपायचे.

तुम्ही-आम्ही बाजारात गेलो की भाव बघतो. तात्या दुकानांच्या पालांच्या दोऱ्या बघायचे. घर मूळचं मेंढरांमागं हिंडणारं. मुक्काम पक्का वाटला की त्यांचा आजा मेंढरांभोवतीच्या जाळीला निरगाठ मारायचा. धाकधूक असली तर सुरगाठ, ओढली की निघाले. व्यापारीही तेच करतो, असा तात्यांचा सिद्धांत. दहा पालांत सुरगाठी किती, तेवढा बाजार अस्थिर!

बाहेरच्या कंपन्या येणार, येणार अशी नव्वदच्या दशकातली हूल. आमच्या जळोचीच्या पशुखाद्य कारखान्याच्या मालकांना इंदापूरला शाखा काढायची होती. पुण्याहून आणलेल्या सल्लागारानं तक्ते लावून बाजाराची अस्थिरता तासभर समजावली. मालकांना डुलकी लागली. जागे झाल्यावर म्हणाले, "तात्या, तुमी काय म्हंताय?"

"बाजार बघून येतो."

शाखा निघाली तर तात्याच तिथले प्रमुख होणार होते. घर इंदापूरजवळच, रोजचे एसटीतले हाल संपणार होते. त्यांना ती शाखा किती हवी होती, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

इंदापूरच्या आठवडी बाजारात मीही सोबत होतो. एका बांगडीवालीच्या पालाची दोरी तात्यांनी जराशी ओढली आणि अख्खं पाल तिच्या अंगावर आलं.

"कोन हाय रं मुडद्या?" आतून आवाज आला.

"सुरगाठ हाय, मावशी," म्हणत तात्यांनी आधी वहीत टिपलं, मग पाल उचललं.

दहापैकी दहा सुरगाठी! "वावटळ हाय, मालक. शाखा नगं," तात्यांनी सांगितलं. चेहरा पार उतरला होता, पण आकडा त्यांनी बदलला नाही. शाखा बारगळली.

पंधरा दिवसांनी कळलं, त्या दिवशी अतिक्रमण हटवणारी गाडी येणार अशी बाजारात आवई होती. सगळे पळायच्या तयारीत बसले होते! तात्यांनी स्वतः जाऊन मालकांना ते सांगितलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मला काही हसू आलं नाही.

पुढं काही वर्षांनी शाखा निघाली, पण तोवर तात्या हे जग सोडून गेले होते. उद्घाटनाला मालकांनी तात्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, मुद्दाम बोलावून घेतलं. मी म्हणालो, "तात्या इथं असते, तर रोज दुपारी जेवायला घरी आले असते."

"रोज दुपारी? मग मी इसावा कवा घ्यायचा?" काकू म्हणाल्या. सगळे हसले.

मग प्रमुखाच्या खुर्चीकडं बघत त्या हळूच म्हणाल्या, "पन आलं असतं, तर गरम भाकर करून घातली असती की वो."