पोक नको

देवमनसरांच्या टायपिंग क्लासची सगळी मशिनं भंगारात गेली. एक जुना घरगुती कॉम्प्युटर तेवढा उरला. मंगरूळपीरच्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत तो अजून मांडलेला आहे. पडदा आणि कीबोर्ड एकाच धडात. बटण दाबलं की आतून उसासा येतो आणि काळ्या पडद्यावर हिरवा चौकोन उघडझाप करू लागतो. सर रोज सकाळी चहाआधी त्याला उठवतात. तो उठला की आपणही उठलो, याची त्यांना खात्री पटते.

सरांना भीती एकाच हुकमाची. त्याचं नाव पोक. यंत्राच्या स्मरणातल्या एखाद्या कप्प्यात परस्पर आकडा कोंबायचा तो हुकूम. एका ठरावीक कप्प्यात ठरावीक आकडा कोंबला की आधीच्या बनावटीत अक्षरं झरझर उमटत. या नंतरच्या बनावटीत मात्र पडद्याच्या जोडण्याच जळू शकतात, असं सरांनी वाचलं होतं. शब्दाने माणूस जळतो हे त्यांनी पाहिलं होतं. यंत्रही जळतं, हे नवीन होतं. आणि असा पडदा आता कुठे मिळणार? म्हणून त्यांनी तेव्हाच क्लासच्या मराठी मशिनवर दोन शब्द टाइप करून पडद्याच्या वर चिकटवले : पोक नको.

लेक पल्लवी लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली. सोबत जावई धम्मरत्न, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. कॉम्प्युटर दिसताच त्याने स्टूल ओढलं आणि खाली वाकून बोटं चालवली.

"बाबा, हे तं लय हळू चालून राह्यलं. थांबा, पळवतो त्याले!"

सर टॉवेलने तोंड पुसत आले आणि दारातच थिजले. पडद्यावर हिरवा पोक, पुढे तेच दोन आकडे, कप्प्याचा आणि कोंबायचा. एक एंटर उरला होता.

तेवढ्यात चिवड्याची ताटली घेऊन सरांच्या पत्नी बेबीताई आल्या आणि कडाडल्या, "जवाईबापू! पोक नको!"

धम्मरत्नचे हात उडाले. तो पट्टीसारखा ताठ झाला. सरांनी पुढे झेपावून एकेक अक्षर पुसलं. चौकोन पुन्हा उघडझाप करू लागला.

"आई, तुमाले पोकचं कसं समजलं?" जावयाने घाबरत विचारलं.

"त्यात समजाचं काय? वरतं लिहेल आहे ना! आतापासूनच पाठीले पोक काढून बसान, तं म्हातारपणी कसं होईन?"

पल्लवी जी हसत सुटली, ती खाटेवर लोळेपर्यंत.

"अवो, तो हुकूम आहे!" सर डोळे पुसत म्हणाले. "तुले काय वाटलं इतके वर्सं?"

"तुमी क्लासात पोरीयले ताठ बसा, ताठ बसा म्हणून वरडत होते. मले वाटलं, आता घरीबी पाटी लावली. मीटर पाहाले गुलाबसिंग येते, त्याचीबी पाठ सरळ केली मी इथं!"

"उद्या नवी पाटी लावतो. नीट समजावून लिहितो."

"कायले? दोनीकडून काम करून राह्यली ना!"

त्या चहा ठेवायला आत गेल्या. सर स्टुलावर बसले. त्यांनी सावकाश टाइप केलं : जिवंत आहे. मराठीत नाही, त्या यंत्राला जमेल तशा इंग्रजी अक्षरांत. मग ते नीट उमटलं का, हे पाहायला पुढे झुकले.

"पोक!" आतून आवाज आला.

सर ताठ झाले.