सोमवारचं गिऱ्हाईक

समस्त सज्जनहो, अत्यंत गंभीर बातमी सांगतो: आमच्या आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात दर सोमवारी एक भांडखोर गिऱ्हाईक घुसतं, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे तिथले सरच असतात.

मी शेजारच्या स्टोअरमधून मुलांना अवजारं देतो, त्यामुळे हा तमाशा मला फुकटात दिसतो. एरवी सर इतक्या हळू बोलतात की हजेरीला पोरं बाक पुढे ओढतात. सोमवारी मात्र ते डोक्याला उपरणं गुंडाळतात, घरचा मिक्सर काखेत मारतात आणि गरजतात, "मन्हा मिक्सर तुम्हीच बिघाडेल शे!" मग पेंगणारी मुलंसुद्धा पान्हे घेऊन धावतात.

परवाच्या सोमवारी डोंगरातल्या काठी गावाकडची एक विद्यार्थिनी अवजारं जमा करायला आली. घरी पावरी बोली बोलणारी, हाताची पक्की, पण वर्गात कधी तोंड न उघडलेली. तिच्या हातात शिक्षण सोडायचा अर्ज होता आणि त्यात कारण एकच: गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही.

ती अर्ज घेऊन सरांपुढे उभी राहिली. मला वाटलं, आता तरी ते उपरणं काढतील. छे. "हाऊ कागद कसाना शे?" म्हणत त्यांनी अर्जावरच मिक्सर उपडा ठेवला, पिन बोर्डात खुपसली, बटण दाबलं आणि स्क्रू खोलायला घेतला.

मी ओरडणार, तोच पोरगी कडाडली, "ओ काका, आधी पिन काढा, मग बोंबला."