बैलाला सांगितलेल्या माझ्या चुका

लग्न होऊन मी रिसोडच्या शिवेवरच्या मळ्यात आले, तेव्हापासून चार वर्षं माझे सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण नव्हतं हो, काहीच नव्हतं. रीतच होती तशी. सुनेनं सासऱ्यासमोर पदर पुढे ओढायचा, तोंड उघडायचं नाही. सासऱ्यानंही सुनेला सरळ हाक मारायची नाही. काही सांगायचं झालं तर सासूमार्फत. घरात चालतं ते. पण आमची सासू सकाळीच भाजीची पाटी घेऊन बाजाराला जायची, नवरा हंगामभर वाशीमच्या कापसाच्या जिनात कामाला, आणि मळ्यात दिवसभर मी आणि मामाजी, म्हणजे सासरे, दोघंच. मामाजी मोट हाकणार, मी वाफ्यात पाणी वळवणार. अशा दोघांनी न बोलता काम करायचं कसं, ते रीत पाडणाऱ्यांनाच विचारावं.

त्यात मी मानोऱ्याकडची. आमच्याकडे सगळी कोरडवाहू शेती, पाणी म्हणजे प्यायचं आणि फार तर म्हशीला पाजायचं. ते वावरात फिरवायचं असतं, त्याला वळण लावायचं असतं, हे मला कुठून माहीत असणार? पण कबूल कोण करतो! सासूनं विचारलं, "पानी वळवता येते का वं?" मी म्हटलं, "त्यात काय येत नाही!"

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चामड्याची ती मोठी थैली विहिरीत सोडायची, तिचा दोर बैलांच्या जुवाला. बैल उतारावरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते आणि पाणी पाटात पडतं. मग बैलांना उलट्या पावली मागे आणायचं, थेट विहिरीच्या काठापर्यंत, की मोट पुन्हा खाली. दिवसभर हेच. बैल दोन होते, एक पांढरा आणि एक तांबडा. पांढऱ्या शहाणा, असं मामाजींचं ठाम मत होतं.

पहिल्याच आठवड्यात मेथी पेरलेल्या वाफ्यांना पाणी द्यायचं होतं. मी फावडं घेतलं आणि वाफ्याचं तोंड असं सताड उघडलं की पाणी आत धावतच सुटलं. मला वाटलं, वा! किती भराभर काम होतंय. तीन वाफे झाले असतील, तेवढ्यात विहिरीवरून मामाजींचा आवाज आला. बोलणं बैलाशी, पण आवाज पार माझ्यापर्यंत पोचेल असा.

"काहून रे पांढऱ्या, पानी असं घुसवल्यावर बी जाग्यावर राह्यते का? पान्याले घाई नसते रे, मानसाले असते. तोंडाशी गवताचा पुंजका ठेवावा, म्हंजे पानी दमानं आत येते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला मूर्ख म्हणायचं तर म्हणा, पण बैलाला सांगून? त्या बैलापुढे माझी काय किंमत राहिली? मी मुद्दाम आणखी दोन वाफे तसेच भरले. गवताचा पुंजका म्हणे! आठ दिवसांनी मेथी उगवली, ती पाचही वाफ्यांच्या शेपटाला. वरच्या अंगाला टक्कल आणि खालच्या टोकाला ही दाट दाढी. येणारा-जाणारा थांबून बघायचा. बाप्पा बाप्पा, ते वाफे महिनाभर माझी फजिती दाखवत उभे होते.

सासूनं पाहिलं तेव्हा मी कुडामागे होते. "हे कोनं करून ठेवलं?" तिनं मामाजींना विचारलं. आता ऐक बाई, मी मनाशी म्हटलं आणि कान देऊन उभी राहिले. पण मामाजी म्हणाले, "माह्यानंच झालं. मोट जोरात हाकली म्या, पानी गंज सुटलं." सासूनं त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतले आणि बैलांपुढे कडबा टाकायला निघून गेले.

मला रडूच आलं. बैलाला सांगितलं ते दुसऱ्या कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणूनच सांगितलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पण माझा स्वभाव काही इतक्यात नरम पडणारा नव्हता. दुपारी बैल चिंचेखाली सोडलेले असत, मामाजी पलीकडच्या अंगाला पाठ करून भाकर खात. मी वैरण टाकायला गेले, पांढऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"पांढऱ्या, सांगायचं तं आधी सांगा म्हना. बी वाहून गेल्यावर सांगून काय उपेग?"

पलीकडे भाकरीचा घास थांबला. मायबाई! मी पाटी तिथेच टाकून पळाले. संध्याकाळपर्यंत एकच भीती, की आता सासूला कळणार, माहेरी निरोप जाणार. झालं असं, की दुसऱ्या दिवशी मोट जुंपायच्या आधी मामाजींनी पांढऱ्याला उभं केलं आणि सगळा धडा दिला. आज वांग्याला पाणी आहे, वांग्याच्या बुंध्याशी पाणी साचू द्यायचं नाही, पहिला वाफा अर्धा भरला की दुसऱ्याचं तोंड उघडायचं. पांढऱ्या रवंथ करत ऐकत होता. मी फावडं धरून ऐकत होते. त्या दिवसापासून रोज सकाळी असं चाललं. माझं बोलणं त्यांनी मनावर घेतलं होतं! माझ्या बापानंसुद्धा माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

मग काय, त्या बिचाऱ्या पांढऱ्याला दोन्हीकडून ऐकावं लागायचं. सकाळी ते सांगायचे, दुपारी मी. "पांढऱ्या, काल लसणाचा वाफा बराबर भिजला, पन बांध फुटला, पायानं नाही दाबला कोनी," ते म्हणायचे. "पांढऱ्या, बांध फुटला कारन पाटात पानी एकदम आलं, मोटा जरा सावकाश हाका म्हना." चूक काढायची ती एकांतात, वेळेवर, आणि काय करायचं ते सोबत सांगून. हा त्यांचा नियम त्यांनी मला कधी शिकवला नाही. मी बैलाकडून शिकले. पुढं पुढं तर एखाद्या दिवशी चूक निघाली नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं. वाटायचं, आज मामाजींना बरं नाही की काय.

चौथ्या वर्षी, कांद्याची लागण चालली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी मी आले तर मामाजींचा धडा सुरू होता. "पांढऱ्या, कांद्याले आज हलकं पानी." मी जवळ गेले आणि जागीच थबकले. ते तांबड्याच्या कानाशी बोलत होते. पांढऱ्या दोन हात लांब उभा होता. हात तांबड्याच्या पाठीवर, आणि तोंडानं पांढऱ्या, पांढऱ्या. मी हसणार होते, पण हसू आलंच नाही. ज्या माणसाला त्याचा पांढरा बैल तांबड्यापासून वेगळा ओळखू येत नाही, त्याला काय दिसतं?

त्या दिवशी मी पाण्याकडे कमी आणि विहिरीकडे जास्त पाहिलं. बैल मागे सरत यायचे, मामाजी त्यांच्या बाजूनं मागे मागे सरकायचे. आधी काठापासून चार हातांवर बैल थांबत. आता मागचे खूर पार काठावर येत होते, आणि दर दोन-तीन मोटांना एखादा खडा घरंगळून विहिरीत पडायचा. डुब्.  एक पाऊल चुकलं असतं तर बैल, मोट आणि मामाजी, सगळे एकदम खाली.

नवरा घरी आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी बापाले कसं सांगू? तीस वर्षं मोट हाकली त्याईनं." सासूला सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, "मले सारं मालूम हाय. पन त्याईच्या हातातली मोट काढली, तं तो मानूस खाटेवरच बसन. मंग किती दिवस जगन?" म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते! असा संताप आला मला. माया आहे म्हणून गप्प बसायचं, आणि उद्या विहिरीत गळ टाकून शोधायचं? मी नाही गप्प बसणार, म्हटलं.

पण सांगायचं कसं? नुसतं "तुम्हाला दिसत नाही, उतरा खाली" म्हटलं तर सासू म्हणाली तेच होणार. ती खाट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दोन दिवस मी विचार केला, आणि त्या दोन दिवसांत खडे पडतच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी चिंचेखाली गेले. पलीकडे मामाजी भाकर खात होते, बाकी आसपास कोणी नव्हतं. यावेळी नीट बघून, खऱ्या पांढऱ्याच्याच मानेवर हात ठेवला.

"पांढऱ्या," मी म्हटलं. "तुह्या मागच्या पायाखालचे खडे इहिरीत पडून राह्यले. तुले मागं डोळे नाहीत. मोट त्यानं हाकावी ज्याले काठ दिसते. आन इकडं वाफ्यात मी चार वर्षं झाली पानी वळवून राह्यली, पन मले अजून पानी समजत नाही. कांदा जळते माह्या हातानं, नाही तं सडते. तिथं असं मानूस पाह्यजे, ज्याच्या पायाले पानी समजते. डोळ्याचं कामच नाही तिथं."

मामाजींनी भाकर बाजूला ठेवली.  मग ते बोलले, हळू, जणू बैलालाही ऐकू जाऊ नये.

"पांढऱ्या, बाईमानूस मोट हाकन तं लोक हासतीन."

"हासू दे," मी म्हटलं. "हासणाऱ्याईले इहिरीतून कोनाले काढा लागत नाही."

जरा जास्तच बोलून गेले. मामाजी उठले, धोतर झटकलं, बैल जुंपले आणि दिवस कलेपर्यंत मोट हाकली. एका शब्दानं बोलले नाहीत, पांढऱ्याशीसुद्धा. मी वाफ्यात उभी, कान विहिरीकडे. पाच खडे पडले. मी प्रत्येक खड्याला देवाचं नाव घेतलं. मनात आलं, मी त्यांना दुखावलं, आणि काही उपयोगही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेले तर माझं फावडं जागेवर नव्हतं. विहिरीवर बैल जुंपून तयार, आणि मामाजींची पराणी, ती बैल हाकायची काठी जिला ते कोणाला हात लावू देत नसत, ती दगडावर आडवी ठेवलेली. मी खाली पाहिलं. मामाजी कांद्याच्या वाफ्यात उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी, हातात माझं फावडं. पायाच्या बोटांनी पाट चाचपत होते.

मी पराणी उचलली.  विहिरीच्या काठावरचे पांढरे दगड मला नीट दिसत होते, बैल मी चार हात आधीच थांबवले. मोट खाली गेली, पाण्याला टेकली न टेकली तोच मी बैल हाकले. मोट अर्धीच भरून आली. दुसरी तशीच. तिसरीही. खाली पाटात पाण्याची नुसती करंगळी. घाबरले की मला घाई सुटते, अजूनही सुटते.

मामाजींनी पाय पाण्यात ठेवला, उचलला. मान वर केली. सवयीनं बाजूला वळून म्हणाले, "पांढऱ्या..." आणि तिथेच थांबले. पांढऱ्या माझ्याजवळ होता. त्यांच्याजवळ कांद्याच्या रोपांशिवाय कोणी नव्हतं.  मी बैल थांबवून पाहत होते. मग त्यांनी तोंड सरळ विहिरीकडे केलं, माझ्याकडे, आणि मोठ्यानं म्हणाले,

"पोरी! मोट भरू दे. ती बुडतानी गुडगुड करते, ते आईक. गुडगुड थांबली का मंग हाक."

चार वर्षांतला पहिला शब्द, आणि तोही चूक काढणारा! सूनबाई नाही, अवो नाही, पोरी म्हणाले. माझा हात पदर ओढायला वर गेला होता, तो मी तसाच खाली आणला. ज्यांना माझं तोंड दिसतच नव्हतं त्यांच्यापासून लपवायचं काय? डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि बैल मागे वळून माझ्याकडे बघत होते.

"भरू देते, मामाजी," मी ओरडले.

बैल मागे सारले. मोट सोडली. गुडगुड झाली, बराच वेळ झाली, मग थांबली. मी बैल हाकले. मोट काठोकाठ भरून वर आली आणि पाटात ओतली गेली. खाली मामाजी पाय टेकून वाट बघत उभे होते.

"आलं का पानी?" मी विचारलं.

"आलं, पोरी," ते म्हणाले. "आता बराबर आलं."