तळ्याकाठच्या गावाची कॅसेट

शारजात अल मजाजला आम्ही राहायचो, खालिद लगूनच्या अगदी समोर. खिडकी उघडली की पाणीच पाणी. पण माझ्या मुलांच्या डोळ्यांना ते पाणी कधी दिसलं नाही. त्यांना हवं होतं कॅनडातलं तळं.

थोरला आधी दुबईत एसीच्या कंपनीत होता. तिथून तो बायकोला घेऊन कॅनडात एका बेटावर गेला. त्या बेटाच्या पोटात एक तळं, तळ्याकाठी थोडीशी घरं, आणि तिथे हा मोटेल चालवणार. गेल्यावर त्याने गावाची व्हिडिओ कॅसेट पाठवली आणि आमच्या घराची शांतता गेली. धाकटा दर शुक्रवारी ती लावायचा. इमारतीतली मराठी मंडळी वरणभात जेवून हॉलमध्ये पसरायची, आणि हा रिमोट घेऊन समजावून सांगायचा. हे तळं, ही पोस्टाची खोली, हा गावाचा हॉल. दाराला कुलूप नाही म्हणे कोणाच्या. हिवाळ्याच्या आधी सगळं गाव जमून एका नव्वदीच्या बाईची लाकडं फोडून देतं. माझी थोरली सून त्या बाईला सूप नेऊन देताना त्यात दिसायची, दोन्ही हातांनी भांडं धरून. याच सुनेने माझ्या हातात कधी पाण्याचा पेला दिला नव्हता. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. पण लोक म्हणायचे, "काकू, काय संस्कार आहेत हो तुमचे." मग मी सगळ्यांना चहा करायला उठायचे.

मी कोण ते सांगते. चिपळूणला माझी खाणावळ होती, भाड्याच्या जागेत. नवरा गेल्यावर तिच्यावरच दोघांना शिकवलं. धाकट्याच्या बायकोला दिवस गेले तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं, "आई, तू असलीस की आम्हाला काळजी नाही." मी चुली विझवल्या, जागा सोडली आणि आले. नातीला मी वाढवली. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, मी मराठीत, आणि आमचं छान चालायचं.

धाकट्याचेही थोरल्याकडे कॅनडाला जायचे कागद झाले, तेव्हा मला एकच हवं होतं, त्यांनी मला बरोबर न्यावं. दुसरं जायला घर नव्हतं मला. त्यांनी विचारायची मी वाटसुद्धा पाहिली नाही. दुबईत अल मनखूलच्या बाजारात जाऊन लोकर आणली आणि भर उन्हाळ्यात मोजे विणायला बसले. सून बघायची आणि आत निघून जायची. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

गल्फमधून कोणी कायमचं निघालं की शेजारपाजारचे आधीच येऊन घर बघून जातात. फ्रिज कोणाला, सोफा कोणाला, पडदे कोणाला, सगळं बोलून ठेवतात. आम्हीही दुसऱ्यांचं असंच उचललं होतं, त्यात लाजायचं काही नाही. तशीच एका शुक्रवारी समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण आली. नवराबायको दोघं नोकरीला, मुलगी जेमतेम वर्षाची. तिने मिक्सर फिरवून पाहिला, वॉशिंग मशीनचं झाकण उघडून पाहिलं, आणि त्याच सुरात माझ्या मुलाला विचारलं, "आणि काकूंचं काय ठरलंय?"

मी तिथेच, चहाचा ट्रे हातात घेऊन उभी.

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिकडचा हिवाळा आईला झेपायचा नाही."

"मग आम्हाला द्या ना. आमच्या पिल्लूला सवय आहे त्यांची."

अडचण व्हिसाची होती. माझा व्हिसा मुलाच्या व्हिसावर. तो कॅन्सल झाला की माझाही खलास. परक्या बाईला घरी ठेवायचं तर एकच रस्ता होता, हाउसमेडचा व्हिसा. मुलानेच तो सुचवला. "नुसता शिक्का असतो गं आई. आम्ही सेटल झालो की तुला बोलावतोच, इन्शाल्ला वर्षभरात."

"त्या नव्वदीच्या बाईला झेपतो ना हिवाळा?" मी विचारलं.

"ती तिथलीच आहे, आई."

गरज सरो, वैद्य मरो. पण मी हो म्हणाले. चिपळूणला परत जाऊन कोणाच्या पडवीत पथारी टाकणार होते? आणि मूर्खासारखा माझा त्या वर्षभरावर विश्वास बसला. व्हिसाच्या मेडिकलच्या रांगेत पुढेमागे सगळ्या श्रीलंकेच्या आणि फिलिपाइन्सच्या मुली. एकीने मला मामा, म्हणजे त्यांच्यात आई, म्हणून हाक मारली आणि बसायला जागा दिली. मुलगा बाहेर गाडीत एसी लावून बसला होता. मग मिक्सर, वॉशिंग मशीन आणि मी, एकाच संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमध्ये गेलो.

"बाहेर कोणी विचारलं तर मेड म्हणायचं काकू, घरात तुम्ही आईच," शेजारणीचा नवरा म्हणाला. घरातली आई म्हणजे काय ते मला लवकरच कळलं. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जेवायचे.

मुलगा शुक्रवारी फोन करायचा. मोटेल बरं चाललंय, नात शाळेत रमली, तुझं बघतोच आहे. पुढे एका हिवाळ्यात त्याची कॅसेट आली. शेजारणीने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणं झाल्यावर ती लावली. मी चहा फिरवत होते.

गावाच्या हॉलमध्ये माझ्या मुलांसाठी जेवण ठेवलेलं होतं. नात कॅमेरा धरून होती, तिचा आवाज येत होता. ती नव्वदीची बाई खुर्चीवर बसलेली. तिने धाकट्याचा हात धरला आणि काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "माय मदर इज डेड." मदर आणि डेड कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. शेजारी थोरला उभा होता, त्याने मान खाली घातली. मग हॉलमधले सगळे उठून उभे राहिले. काटेचमचे ठेवून, हात जुळवून, डोळे मिटून माझ्यासाठी उभे राहिले. बरी माणसं होती.

इकडे कोणी रिमोट शोधायला लागलं. मी उरलेला चहा देऊन टाकला.

पुढच्या शुक्रवारी त्याचा फोन आला. "आई, कशी आहेस?"

"आई गेली की मुलगा डोकं भादरतो," मी म्हणाले. "तू तर छान भांग पाडला होतास."

चुकलं म्हणेल म्हणून मी थांबले.

"ती म्हातारी विचारत होती, आईला कोणाकडे ठेवलंस," तो शेवटी म्हणाला. "काय सांगणार होतो मी? इथे तिचं पाहिलंयस ना, अख्खं गाव करतं. तुझी नात ते रेकॉर्ड करत होती, माझ्या लक्षातच आलं नाही."

"मग आता खरं सांग. मी येते. थंडीचं माझं मी बघेन."

"आता कसं, आई?" त्याचा आवाज अगदी समजुतीचा झाला, लहानपणी माझा व्हायचा तसा. "एवढंसं गाव आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. तुझ्यासाठी प्रार्थना झाली चर्चमध्ये. घरोघरून जेवण आलं आठवडाभर. आता मी तुला कोण म्हणून आणू?"

मी रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्याला वाटलं मला पटलं.

"आणि ती म्हातारी म्हणाली, आजपासून मी तुझी आई. खूप जीव लावते गं," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस. आम्ही रोज जातो तिच्याकडे. ही तिच्या पायाला तेलसुद्धा लावून देते."