पाच-नऊ न देणारे काका

हौशी रेडिओवर आपला आवाज समोरच्याला कसा पोचला ते आकड्यांत सांगतात. सगळ्यांत चांगला पाच-नऊ. बाकीचे भिडेखातर सगळ्यांनाच पाच-नऊ देतात. आमच्यातले सगळ्यांत जुने, सेलूचे काका, मात्र आधी गावाचं नाव तीनदा म्हणायला लावतात, मग खरा आकडा देतात.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सोनपेठहून पहिल्यांदा बोललो तेव्हा काका म्हणाले, "तीन-चार. नावापुढचं बीएस्सी तेवढं ऐकू आलं बाबा, गाव न्हाई. अँटेना वर घे." राग आला, पण वर घेतली. गोदावरीला पूर आला, फोन बंद पडले, की माझे निरोप काकाच उतरवून घेतात.

काल वाऱ्यानं अँटेना गच्चीवर आडवी झाली. धरणातून पाणी सुटायचं होतं, म्हणून संपर्क तपासायला तशीच हाक दिली.

"पाच-नऊ! लय साफ," काका म्हणाले. गाव एकदाही विचारलं नाही.

आडव्या अँटेनावरून पाच-नऊ? "काका, मी आत्ता काय बोललो?"

 काका हळूच म्हणाले, "पाच-नऊ, बाबा. पाच-नऊ."

मी सेट बंद केला आणि सेलूकडची एसटी धरली. काकांच्या कानांचा खरा रिपोर्ट त्यांच्यासमोर बसूनच द्यायचा होता.